अकरा ट्रेनिंगांचा वीरेश

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा वीरेश हा आमच्या परळी तालुक्यातला सगळ्यात जास्त शिकवलेला माणूस. शिकलेला म्हणत नाही मी. सिरसाळ्याच्या बँकेत तो क्लार्क होता, आणि एक्क्याण्णव सालानंतरच्या नऊ वर्षांत बँकेनं त्याला अकरा वेळा ट्रेनिंगला धाडलं. अकराही वेळा तो जसा गेलता तसाच माघारी आला. फरक म्हटला तर हातात एक रेक्झिनची बॅग असायची. ती तो मला देऊन टाकायचा. एकीत मी हरभऱ्याचं बी ठेवते, एकीत विभूतीचे गोळे, एकीत जुनी लुगडी. बॅगा मात्र मजबूत. चांगल्याला चांगलं म्हणावं.

हे सगळं मला ठाऊक कसं, तर मालक गेल्यावर मी बँकेच्या लोकांना दुपारचा डबा द्यायला लागले. घर बँकेच्या मागच्याच गल्लीत. दीडच्या ठोक्याला भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी घेऊन जायचं आणि डबे रिकामे होईपर्यंत भिंतीजवळच्या बाकड्यावर बसायचं. बाकड्यावरून बँक जेवढी दिसते तेवढी मॅनेजरच्या खुर्चीतून दिसत नाही. माझं नाव गंगासागर, पण बँकेत सगळे मला अक्काच म्हणत.

त्या वर्षांत सगळीकडं सुधारणेचं वारं सुटलेलं. खाजगी बँका येणार, आपलं गिऱ्हाईक पळवणार, अशी आमच्या बँकेच्या वरच्या साहेबांना धास्ती. धास्ती बसली की साहेब लोक दुसरं काही करत नाहीत, ट्रेनिंग काढतात. दर आठ-दहा महिन्यांनी शाखेत पत्र यायचं, एक कर्मचारी पाठवा. कुणाला पाठवायचं याचा बँकेत एक दस्तूर होता. ज्याच्यावाचून शाखा चालते, त्याला पाठवायचं. काउंटरवर माणसं दोन, वीरेश आणि अंजना. अंजना गेली तर शटर ओढायची पाळी. वीरेश गेला तर रांग उलट भराभर सरकायची. मग दर वेळी मॅनेजर साहेब मान वर न करता म्हणायचे, "वीरेश, तूच जा बाबा."

आणि वीरेशला वाटायचं, आपल्याला निवडलं.

तो माणूस वाईट नव्हता, माझाच भाचा आहे. बोलायला गोड, अक्षर मोत्यासारखं. पण ते मोती ओवत बसायचा. एक ओळ लिहायची, मान तिरपी करून बघायची, पुन्हा वरची वेलांटी सजवायची. समोर जळगव्हाणवरून पायी आलेली बाई उभी आहे, याची दखल नाही. एकदा 'ग्राहक सेवा' नावाचं ट्रेनिंग करून आला. दुसऱ्या दिवशी म्हाळू धनगर खिडकीशी गेला तर हा उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो?"

म्हाळूनं मागं वळून बघितलं. त्याला वाटलं आपल्या पाठीमागं तहसीलदार उभा असंल.

"मला म्हनताव का?" म्हाळूनं विचारलं.

"होय, आपल्यालाच."

"मंग माझं पुस्तक भरून द्या."

"आता जेवणाची सुट्टी झाली," वीरेश म्हणाला आणि खाली बसला.

असं एकेक. 'ताणतणावावर मात' करून आला तेव्हा दुपारी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायला लागला. ताण रांगेतल्या लोकांना यायचा. 'वेळेचं नियोजन' करायला गेला, तर ते ट्रेनिंग सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचला. प्रत्येक ट्रेनिंगचं सर्टिफिकेट त्यानं प्लास्टिक चढवून काउंटरमागच्या भिंतीवर लावलं. अकरा झाली तेव्हा कॅलेंडरला जागा राहिली नाही.

अंजना नेकनूरची. सिरसाळ्यात दिलेली, पण नवरा लवकर वारला आणि आई अंथरुणाला खिळली, म्हणून आईला तिनं आपल्याकडंच आणलं. आईचा डावा हात, डावा पाय गेलेला. हातानं घास जात नाही. दीड वाजता बँकेत सगळे डबे उघडायचे तेव्हा अंजना अर्धी भाकर खाऊन घरी पळायची, आईला भरवून, कूस बदलून, दोनला परत काउंटरवर. घर हाकेच्या अंतरावर म्हणून हे जमत होतं. तिला बोलायची फार हौस नाही. काम करताना तोंड मिटलेलं, हात चालू. बाजारच्या दिवशी ती एकाचं पुस्तक भरता भरता दुसऱ्याचा अंगठा घ्यायची आणि तिसऱ्याला डोळ्यानं सांगायची, थांबा जरा.

दोन हजार साली बँकेत कॉम्प्युटर आला. बसवायला आलेला इसम तीन दिवस माझाच डबा जेवला. वीरेशचं तोवर 'कॉम्प्युटर परिचय' झालेलं, पण यंत्र उघडलं त्या दिवशी त्यानं त्याला हार घातला, नारळ फोडला आणि हात लावला नाही. अंजना त्या इसमाच्या पाठीशी उभी राहून बघायची, मध्येच एखादी गोष्ट विचारायची, वहीत लिहायची. चौथ्या दिवशी तो गेला आणि ती यंत्रापुढं बसली. कुणी बसवलं नाही, कुणी उठवलं नाही. वीज असली की यंत्रावर, नसली की वहीवर. परळीला एवढं मोठं विजेचं केंद्र, राख आमच्या वाळवणावर येते, वीज मात्र कुठं जाते ती जाते.

मग ते पत्र आलं. मॅनेजर साहेब जेवता जेवता वाचून दाखवत होते.

"आजपर्यंत दिलेल्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करण्यात येईल."

"म्हंजे काय हो?" मी विचारलं.

"म्हणजे अक्का, एवढी वर्षं शिकवलं, त्याचा काही उपयोग झाला का, ते बघायला साहेब येणार."

"त्याला साहेब कशाला? म्हाळूला इचारा."

"थट्टा न्हाई हो. यंत्र आलंय, आता दोन माणसं कशाला म्हणून वरती बोलणं चाललंय. दोघांतला एक जण इथून हलणार. कोण, ते ह्याच्यावरच ठरणार."

अंजनाच्या हातात घास होता, तो तिनं खाली ठेवला. "माझी ट्रेनिंगं शून्य हाईत," ती म्हणाली. "मलाच आष्टीकडं टाकतील."

आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. एसटीनं अर्धा दिवस जातो.

"तू घाबरू नको, अंजना," वीरेश म्हणाला, "आष्टीची हवा चांगली आहे."

"आईला तिथं नेता येत न्हाई. गाडीत बसवत न्हाई तिला."

"मग कुणाला तरी ठेव." आणि त्यानं माझ्याकडं चटणी मागितली. मी दिली नाही.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, कारण पुढचं जे झालं ते माझंच करणं आहे. आमच्या गावाला एकदा गुरांचा डॉक्टर मिळालेला, देवमाणूस. गावानं त्याचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं, वरच्या अधिकाऱ्यांपुढं चार जणांनी उभं राहून त्याचं कौतुक केलं. महिन्याच्या आत त्याला औरंगाबादला उचलून नेलं. पुढं जो आला, त्याला म्हैस आणि रेडा सांगावा लागायचा. तेव्हापासून सिरसाळ्यानं ठरवून टाकलं, साहेबापुढं आपल्या चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचं नाही. घरी ठेवायचा बैल बाजारात कुणी मिरवत नाही. मिरवतात तो खपवायचा बैल.

म्हणजे वीरेशला मिरवायचा.

मी म्हाळूला गाठलं, भाजीवाल्या जानकीबाईला गाठलं. आणखी पाच-सहा जणांना. सगळ्यांना एकच सांगितलं, साहेबानं विचारलं की वीरेशला डोक्यावर घ्या आणि अंजनाच्या नावानं नाक मुरडा.

"आपल्या अंजनाच्या?" जानकीबाई म्हणाली. "माझी जीभ झडंल की वो अक्का."

"ती आष्टीला गेली तर तुझं पुस्तक वीरेश भरंल."

"मंग झडू द्या," जानकीबाई म्हणाली.

अंजनाला यातलं काही सांगितलं नाही. तिला खोटं झाकता येत नाही, चेहऱ्यावर उमटतं. असं मी मनाशी म्हटलं. खरं तर तिनं नको म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

साहेब बाजारच्या दिवशीच आले. सफारी, चष्म्याला दोरी, आणि छापील कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर पाच चौकटी. उत्तम, चांगले, बरे, साधारण, वाईट. साहेबांना पंखा लागत होता, म्हणून टेबल माझ्या बाकड्याशेजारीच आलं.

पहिल्यांदा वीरेशला बोलावलं. वीरेशनं इस्त्रीचा सदरा घातलेला.

"प्रशिक्षणामुळे तुमच्या कार्यक्षमतेत किती टक्के वाढ झाली?"

"ऐंशी," वीरेश म्हणाला. अडखळलासुद्धा नाही.

"कशावरून?"

"साहेब, आधी मी ग्राहकाकडं बघत नव्हतो. आता बघतो."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग भिंतीवरची अकरा सर्टिफिकेटं उभं राहून मोजली, आणि एकावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली. मग अंजना.

"तुमची प्रशिक्षणं?"

"मला धाडलंच न्हाई, साहेब."

"मग यंत्र कसं चालवता?"

"शिकले."

"कुठं?"

"हितंच."

"त्याचं प्रमाणपत्र?"

"न्हाई."

साहेबांनी चौकटीत आडवी रेघ मारली. यंत्र चार हातांवर होतं, साहेब येणार म्हणून गुलाबी कापडानं झाकलेलं. तेवढं कापड बाजूला करून 'बाई, चालवून दाखवा', 'वीरेश, तुम्ही दाखवा', असं म्हटलं असतं तर पाव घंट्यात निकाल लागला असता. पण शिकवल्याचा उपयोग झाला का हे कामावरून बघायचं, ही गोष्ट त्या छापील कागदात नव्हती. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला बाकड्यावरून दिसणारं खुर्चीतून दिसत नव्हतं.

मग गिऱ्हाइकं. म्हाळूला मी नेमकं बोलायला सांगितलेलं, पण त्याच्या अंगात आलं.

"वीरेश साहेब म्हंजे काय सांगू तुमाला. असा मानूस ह्या खेड्यात ठिवनं म्हंजे आमालाच पाप लागतंय. तेनला मोठ्या जागी न्यावा. लांब न्यावा."

"लांब कशाला?" साहेबांनी विचारलं.

"लांबच्या लोकाला बी फायदा व्हावा म्हनून."

साहेबांनी मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

जानकीबाईनं पदर डोक्यावर ओढला, काउंटरकडं पाठ केली आणि म्हणाली, "अंजनाबाई? हसत न्हाई. बोलत न्हाई. लई सावकाश काम. आमी लई बेजार हाव." आणि पायाचा अंगठा फरशीवर घासत उभी राहिली. साहेबांनी शेवटच्या चौकटीत खूण केली.

काउंटर सहा हातांवर होतं. अंजनाला सगळं ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही. हात मात्र थांबले, आणि ते थांबलेले मी पहिल्यांदाच बघितले.

दीड वाजता तिनं डबा उघडला नाही. "जानकीमावशीचा पैसे काढायचा कागद सकाळी मीच भरून दिला, अक्का," एवढंच म्हणाली आणि आईकडं गेली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण साहेब शेजारी बसून माझीच वांग्याची भाजी खात होते आणि मॅनेजरला म्हणत होते, "बघा, प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यातला फरक किती स्वच्छ दिसतो." मी त्यांना आणखी भाजी वाढली.

महिन्यानं दोन लखोटे आले.

वीरेशला बीडच्या ट्रेनिंग सेंटरात मास्तर नेमलं होतं. विषय, कॉम्प्युटर. पेढे घेऊन तो सगळ्या गल्लीत फिरला. म्हाळूनं दोन घेतले.

अंजनाच्या लखोट्यात तिला सिरसाळ्यातच ठेवलेलं होतं, कारण वीरेश गेल्यावर दुसरं कुणी उरतच नव्हतं. पण खाली लिहिलेलं, ग्राहकांचा अभिप्राय वाईट. बीडला आठ दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. तीन महिन्यांनी ग्राहकांना पुन्हा विचारण्यात येईल, सुधारणा नसल्यास बदली.

मी डबा ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टरापासून जानकीबाईपर्यंत.

"तुमी सांगितलं त्यांना?"

"मी सांगितलं."

"मला एका शब्दानं सांगायचं होतं, अक्का. महिना झाला, मी आठवतीय. कुणाला काय बोलले, कुणाचं काय चुकलं माझ्याकडनं." तिनं लखोट्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "जानकीमावशी दारावरनं जाती तर मी आत जाती."

ज्या साहेबाला मी मनात हसत होते, त्यानं तिला न विचारता तिचं ठरवलं आणि मीही तेच केलं. त्याच्याजवळ छापील कागद होता, माझ्याजवळ तोही नव्हता.

मग ती म्हणाली, "मी बीडला जाती. आठ दिवस आईला तुमी भरवा."

भरवलं. बँकेत तेवढे आठ दिवस मॅनेजर साहेब अर्धं शटर ओढून स्वतः काउंटरवर बसले. त्या म्हातारीनं माझा सूड घेतला म्हणा ना. वरण पातळ, भात घट्ट, पाणी गरम, आणि प्रत्येक घासाला, "आमच्या अंजनाच्या हाताची चव न्हाई." मी पण म्हणायचे, "न्हाई तर न्हाई, तोंड उघडा."

आठव्या दिवशी अंजना आली, हातात रेक्झिनची बॅग. आईला भरवून झाल्यावर माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काय शिकवलं आमच्या मास्तरानं?"

"चार दिवस फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढलं. लई सुंदर काढलं. आमाला वहीत काढायला लावलं. पाचव्या दिवशी यंत्रावरचं कापड काढलं."

"मग?"

"चालू होईना. वीरेश सरांनी सगळीकडं दाबून बघितलं. म्हनले, बिघाड हाय. भिंतीवरचं बटन बंद होतं, अक्का. मी पाणी प्यायला उठले आन जाता जाता खाली केलं. यंत्र लागलं. सर म्हनले, बघा, धीर धरला की चालू होतंय. आन सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं."

"तू पण?"

"मी पण. शेवटी फॉर्म दिला, शिकवणारे कसे होते म्हनून."

"काय लिहिलंस?"

"उत्तम."

"अंजना."

"वाईट लिहिलं असतं तर हितंच माघारी धाडला असता की."

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली. मी बॅग हातात घेऊन बघितली, शिवण चांगली होती. "ठिवा तुमच्याकडं," ती म्हणाली. मी म्हटलं, नको, ही तुझी कमाई.

तीन महिन्यांनी साहेब परत आले, तोच चष्मा, तेच कागद. या वेळी मी लोकांना सांगितलं, खरं बोला.

म्हाळूनं विचारलं, "खरं म्हंजे किती खरं?"

"हाय तेवढं."

जानकीबाईला थांबवावं लागलं. अंजनानं तिच्यासाठी कधी काय केलं ते सगळं सांगून झाल्यावर तिनं पदर डोळ्याला लावला, आणि साहेबांनी दुसरा कागद घेतला, पहिला भरला होता. सगळ्या खुणा पहिल्या चौकटीत. साहेबांनी जुने कागद काढून नव्यांशेजारी मांडले आणि बराच वेळ बघत राहिले. असं समाधान मी बाळंतिणीच्या तोंडावर बघितलेलं आहे.

"आठ दिवसांच्या प्रशिक्षणात एवढा फरक," ते म्हणाले. "बाई, तुमच्यात नेमका काय बदल झाला?"

अंजनानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आता लोकं माझ्याबद्दल चांगलं बोलतात, साहेब."

तेही त्यांनी लिहून घेतलं. यंत्रावर बसलेला तिचा हात, बाजारच्या दिवशी भराभर सरकणारी रांग, यातलं काही नाही. यंत्र चालूच होतं, ते त्यांनी तेव्हाही बघितलं नाही.

अंजनाची बदली टळली, कायमची. आणि बँकेच्या छापील पत्रिकेत वीरेशचा फोटो आला. खाली लिहिलेलं, अत्यंत असमाधानकारक कर्मचाऱ्यास आठ दिवसांत उत्तम श्रेणीपर्यंत नेणारे प्रशिक्षक. वरून त्याला एक घड्याळ मिळालं. पत्रिका घेऊन तो मुद्दाम बीडवरून आला, बँकेत सगळ्यांना दाखवली, मग माझ्या पाया पडला.

"मावशी, तुला सांगतो, अंजनाला मी घडवलं."

"बस," मी म्हटलं. "ताक घे."

"खोटं वाटतं का? विचार तिला."

दीड वाजला होता. अंजना काउंटरवर 'थोड्या वेळात येते' ही पाटी उभी करत होती.

"कामाच्या वेळात कुठं चाललीस?" वीरेशनं मास्तरासारखं विचारलं.

"आईला भरवायला, सर," ती म्हणाली, आणि गेली.